पालकांचं प्रगतिपत्रक शाळेने लिहावं का?

दिवाळीची सुटी संपली की बुलढाणा जिल्ह्याच्या मलकापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांचा हजेरीपट विरळ होऊ लागतो. शेतात सीतादही ही वेचणीआधीची पूजा होऊन गेलेली असते, कापूस फुटलेला असतो. वेचाई किलोवर मिळते, म्हणून घरातले जितके हात शेतात तितके पैसे जास्त. पाचवी-सहावीतली मुलगी आईबरोबर वेचणीला जाते, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळत घरी थांबते. गुरुजी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडतात आणि मधल्या सुटीत शिक्षकांमध्ये तोच विषय निघतो: आपण इथे जीव तोडून शिकवतो, पण घरी कुणी दप्तर उघडून पाहत नाही. त्यापुढचा प्रश्नही ठरलेला असतो. मुलांची परीक्षा होते, शिक्षकांची तपासणी होते, शाळेचं मूल्यांकन होतं. मग पालकांचं का होऊ नये?

हा प्रश्न मलकापुरातच पडतो असं नाही. अमेरिकेतल्या एका राज्यात त्यावर विधेयक आलं, चीनने कायदा केला, स्कॉटलंडमध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडेही नव्या समग्र प्रगतिपत्रकातून घराबद्दलचे प्रश्न शाळेच्या कागदावर आले आहेत. म्हणून सगळ्या बाजू एकदा नीट मांडून पाहायला हव्यात. माझं मत आधीच सांगते. शाळेने मुलाचं घर ओळखायलाच हवं, पण त्या घराला गुण देण्याचा अधिकार तिला नसावा.

मागणीत तथ्य आहे

शिक्षकांचं गाऱ्हाणं हलक्यावारी नेण्यासारखं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 कामाचे दिवस आणि 800 तास अध्यापन अपेक्षित आहे. वर्षाचे तास होतात 8,760. म्हणजे मूल दहा तासांतला एक तासही धड शिक्षकासमोर नसतं. उरलेल्या वेळात ते किती झोपतं, काय खातं, कुणाशी बोलतं, मोबाइल किती वेळ हातात धरतं, हे सगळं घर ठरवतं. तरीही वाचता न येणाऱ्या मुलाबद्दल जाब विचारला जातो तो शिक्षकाला. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण असो की ‘असर’चा अहवाल, बोट वर्गाकडेच जातं. ‘शाळा सिद्धी’च्या सात क्षेत्रांपैकी शेवटचं क्षेत्र तर समाजाच्या सहभागाचंच आहे. पालक शाळेकडे फिरकले नाहीत, तर त्याची नोंदही शाळेच्या नावावर होते.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवतं. अमेरिकेत 1966 मध्ये जेम्स कोलमन यांच्या गटाने साडेसहा लाखांच्या आसपास मुलांची माहिती तपासली. मुलांच्या शिकण्यातला फरक शाळांच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जोडलेला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण घराचं वजन मोठं आहे हे कुणी खोडून काढलं नाही.

हेळसांड फक्त गरिबाच्याच घरी होते असंही नाही. तंबाखूची पुडी आणायला पोराला पिटाळणारा बाप गावात दिसतो. तसे तिसरीतल्या मुलाला सकाळ-संध्याकाळ शिकवणीला जुंपणारे, टक्केवारीवरून चारचौघांत त्याचा पाणउतारा करणारे आईबापही शहरातल्या पक्क्या घरांमध्ये दिसतात. दोन्हीकडे मूल कोमेजतं आणि शिक्षकाला ते दिसतं. दिसूनही बोलता येत नाही, ही त्याची खरी घुसमट आहे.

दंडापासून भत्त्यापर्यंत

पालकांना शिक्षणाबद्दल जबाबदार धरण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्ती आणली आणि 1906 मध्ये ती सगळ्या बडोदा संस्थानात लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला.

आज कुणी या दंडाचा दाखला दिला, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. पहिली अशी, की महाराजांनी आधी शाळा काढल्या, फी माफ केली, खजिन्यातून पैसा लावला आणि मग पालकाला जाब विचारला. दुसरी अशी, की दंड एका ठरावीक कृतीला होता: मूल शाळेत पाठवलं की नाही? पाटलाला आणि बलुतेदाराला प्रश्न एकच. तुम्ही पालक म्हणून कसे आहात, हे कोल्हापूर दरबाराने कधी विचारलं नाही.

पाऊण शतकाने महाराष्ट्र सरकारने उलट वाट धरली. 1992 पासून दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. कोल्हापुरात गैरहजेरीबद्दल पालकाच्या खिशातून रुपया जात होता, आता हजेरीबद्दल घरात येऊ लागला. मुलगी शाळेत गेली की घरातलं एक काम अडतं, त्याची किंमत असते, हे सरकारने त्या रुपयातून मान्य केलं. रक्कम तुटपुंजी होती, पण समज बरोबर होती.

तिसरी वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. 1945 मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम करताना त्यांनी पाहिलं की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती भावंडं सांभाळतात आणि गुरं राखतात. आईबाप बेजबाबदार आहेत असा शेरा मारून त्या थांबल्या नाहीत. मुलं होती त्या अंगणात त्यांनी शाळा नेली, गुरं चरत होती त्या कुरणात कुरणशाळा भरवली. घर बारकाईने पाहायचं आणि शाळा बदलायची, हा धडा त्यांनी घालून दिला.

आमच्या वऱ्हाडापुरतं बोलायचं तर गाडगेबाबांचं नाव घ्यायलाच हवं. भांडी विकावी लागली तरी विका, पण पोरांना शिकवा, असं ते कीर्तनात आईबापांना खडसावून सांगत. त्यांचे बोल झोंबायचे, तरी माणसं ऐकून घ्यायची, कारण सांगणारा हातात झाडू घेऊन आधी त्यांचंच गाव झाडायचा.

कायद्याचं तोंड कुणीकडे?

राज्यघटनेतल्या 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने 6 ते 14 वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. याच दुरुस्तीने कलम 51-क मध्ये, मुलाला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 10 मध्येही पालकाचं हे कर्तव्य आहे, पण ते मोडल्याबद्दल त्या कायद्यात शिक्षा नाही. शिक्षा आहे ती शाळेला. कलम 13 नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा त्याच्या आईवडिलांची कसलीही चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला 25 हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. प्रवेशाच्या दारात पालकाला जोखायला ज्या कायद्याने बंदी केली, त्याच कायद्याखाली चालणाऱ्या शाळेने आत गेल्यावर त्याला जोखावं, हे त्या कायद्याच्या मनात असेल असं वाटत नाही.

उलट कायद्याने मूल्यांकनाचं काम पालकांकडे दिलं आहे. कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं ही समितीची कामं आहेत. शिक्षकाचं कर्तव्य कलम 24 सांगतं: पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती त्यांच्या कानावर घालणं.

आता नवं समग्र प्रगतिपत्रक आलं आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाला ते घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा म्हणून हवं आहे. त्यात मुलाचं स्वतःचं मत असतं, सोबत्यांचं असतं, पालकांचंही असतं. घरी मुलाला पुस्तकं, खेळ, फोन अशी कोणती साधनं मिळतात, तेही विचारलं जातं. हेतू चांगला आहे. पण ‘घरी पुस्तकं नाहीत’ ही माहिती फार लवकर ‘घरी लक्ष नाही’ असा शेरा होते. पहिल्या वाक्यावरून ग्रंथालयाची पेटी त्या वस्तीत पाठवता येते, दुसऱ्या वाक्यावरून फक्त नाक मुरडता येतं. शिवाय एकदा संकेतस्थळावर चढलेला शेरा पुसणं सोपं नसतं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. घरातलं जगणं त्या हक्काच्या अगदी गाभ्याशी येतं.

इतरांनी काय करून पाहिलं

फ्लोरिडा राज्यात 2011 मध्ये केली स्टारजेल या लोकप्रतिनिधींनी एक विधेयक मांडलं. बालवर्ग ते तिसरीच्या मुलांच्या प्रगतिपत्रकावर शिक्षकाने पालकांच्या सहभागालाही ‘समाधानकारक’, ‘सुधारणा हवी’ किंवा ‘असमाधानकारक’ असा शेरा द्यावा, असं त्यात होतं. मूल नियमित आणि वेळेवर येतं का, झोप आणि जेवण होऊन येतं का, गृहपाठ करून येतं का आणि पालक शिक्षकाच्या संपर्कात असतात का, यावर तो शेरा ठरायचा. विधेयक मंजूर झालं नाही.

ब्रिटनने दंडाची वाट धरली. 1998 च्या कायद्याने न्यायालय पालकांना पालकत्वाच्या वर्गांना जायला लावू शकतं. 2002 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका आईला मुली शाळा बुडवतात म्हणून तुरुंगात पाठवलं गेलं. मुली तेव्हा शाळेत परतल्या आणि अनेकांना उपाय लागू पडला असं वाटलं. दोन वर्षांनी तीच आई त्याच कारणासाठी पुन्हा तुरुंगात होती.

स्कॉटलंडने 2014 च्या कायद्यात प्रत्येक मुलामागे एक जबाबदार व्यक्ती नेमायचं ठरवलं. शाळकरी मुलांसाठी ती बहुधा शाळेतलीच वरिष्ठ व्यक्ती असणार होती. 2016 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या भल्याचा हेतू योग्य मानला. मात्र घरांची माहिती यंत्रणांनी आपसांत वाटून घेण्याची तरतूद कुटुंबाच्या खासगी जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरवली. 2019 मध्ये ती योजनाच सोडून दिली गेली. चीनमध्ये 1 जानेवारी 2022 पासून कुटुंब शिक्षणाचा कायदा लागू आहे. मुलाने गंभीर गैरवर्तन केलं तर पालकांना समज देऊन मार्गदर्शन वर्गांना बसवता येतं.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना या प्रश्नाची धग आधीच लागली आहे. 2011 मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगरमध्ये बालकल्याण यंत्रणेने एका भारतीय जोडप्याची दोन मुलं ताब्यात घेतली. तेव्हा हाताने भरवणं आणि मुलांना कुशीत घेऊन झोपणं, या आपल्या घरोघरच्या गोष्टीही चर्चेत आल्या. तपासणाऱ्याची घडण वेगळी असली की माया हीसुद्धा उणीव ठरू शकते. मलकापुरातला शिक्षक आणि पालक एकाच देशातले असले, तरी पगारदार घर आणि रोजंदारीचं घर यांच्यातलं अंतर कमी नसतं.

तेच निकष आमच्या उंबरठ्यावर

फ्लोरिडाचे निकष मलकापुरातल्या घरांना लावून पाहू.

पहिला निकष हजेरीचा. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. अशा घरात बाप गेल्यावर कर्ज, शेत आणि लेकरं हे सगळं एकटीने ओढणाऱ्या बाईची मुलगी वेचणीच्या दिवसांत चार दिवस आली नाही, तर ‘असमाधानकारक’ हा शेरा कुणाला लागू होतो? शासनाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आणली, शाळाबाह्य मुलं शोधायला शिक्षकांमधून बालरक्षक तयार झाले. हजेरीचा गुंता घराच्या परिस्थितीत आहे, हे त्यामागे गृहीत आहे. वेचणीच्या हंगामात अंगणवाडी सकाळी लवकर उघडून सायंकाळपर्यंत चालली, तर भावंड सांभाळायला घरी थांबलेल्या कितीतरी मुली वर्गात परत येतील.

दुसरा निकष झोपेचा आणि जेवणाचा. मुलांची झोप पुरी होत नाही, ही गोष्ट 2023 च्या डिसेंबरात राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे मांडली. 2024 च्या फेब्रुवारीत शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. पालक रात्री मुलांना लवकर झोपवत नाहीत, असं म्हणत शेरे मारता आले असते. त्याऐवजी शाळेची घंटा पुढे गेली. जेवणाचंही तसंच. उपाशी मूल शिकू शकत नाही हे कळल्यावर आपण पालकांना वजा गुण दिले नाहीत, शाळेत खिचडी शिजवली. अलीकडच्या काळातलं हे सगळ्यात शहाणं धोरण मला वाटतं.

तिसरा निकष गृहपाठाचा. स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेली आई वही तपासणार कशी? पण तीच आई रेशनची पावती मुलीकडून वाचून घेते, बाप खताच्या पोत्यावरचा मजकूर आणि तारीख पोराला वाचायला लावतो, वेचलेल्या कापसाचे किलो आणि पैसे यांचा हिशोब सहावीतली मुलगी करते. यातलं काहीच प्रगतिपत्रकावर येत नाही. समाजशास्त्रज्ञ ॲनेट लॅरो यांनी 2003 मधल्या आपल्या अभ्यासात हेच दाखवलं. मध्यमवर्गाची मुलं वाढवण्याची रीत शाळेच्या रीतीशी जुळते, म्हणून शाळा तिलाच चांगलं पालकत्व समजते. कष्टकरी घराची रीत वेगळी असते आणि शाळेला ती उणी वाटते.

चौथा निकष पालकसभेला येण्याचा. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला, निरोप व्हॉट्सॲपवर, आणि फोन असतो बापाच्या खिशात. नंतर विचारलं तर आई सांगते, “मी आली असती सर, पण रोज बुडते ना.” तिच्या नावापुढची रिकामी चौकट बेफिकिरी दाखवते की बुडालेली मजुरी, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी शेतातली कामं थांबतात आणि माणसं मलकापुरात येतातच. त्या दिवशी, किंवा दिवेलागणीनंतर वस्तीतल्या मंदिराच्या ओट्यावर सभा घेतली, तर चौकटी भरू लागतील.

या चारही निकषांखाली आणखी एक गोष्ट दडलेली आहे. शेरा कागदावर ‘पालक’ या नावाने पडेल, पण लागेल तो आईला. आमचा जिल्हा मातृतीर्थ म्हणवतो. सिंदखेडराजाला 12 जानेवारीला जिजाऊंना वंदन करायला लोटणाऱ्या गर्दीत मीही श्रद्धेने उभी राहिले आहे. पण आपण जिजाऊंचं नाव घेतो आणि मूल घडवायचं सगळं ओझं प्रत्येक आईच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो. निरोप मातागटाला, बैठक माता-पालक संघाची, प्रश्न आईला. बाप कुठे आहे, हे शाळेच्या कोणत्याच रकान्यात विचारलं जात नाही.

जिथे शाळेने गप्प बसू नये

गुण देऊ नयेत याचा अर्थ डोळे मिटून घ्यावेत असा नाही. मुलाच्या अंगावर मारल्याचे वळ असतील, मुलगी अचानक मिटून गेली असेल, नववीतल्या मुलीचं लग्न ठरल्याची कुणकुण असेल, तर शिक्षकाने बोलायलाच हवं. 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाचा सांभाळ करणाऱ्याने केलेल्या क्रूरतेला शिक्षा आहे. जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे, मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे, बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकावर आहे.

हा मार्ग आणि प्रगतिपत्रक यांची सरमिसळ होऊ नये. मुलाला धोका असेल तर तातडीने हालचाल हवी, तीही प्रशिक्षित माणसांकडून, गुप्तता राखून. तिथे ‘सुधारणा हवी’ हा शेरा फार तोकडा पडतो. धोका नसेल तिथे तोच शेरा घराचा अपमान करतो. शिवाय आपल्याला गुण मिळणार हे कळलं की ज्या घरात खरंच काही लपवण्यासारखं आहे, ते घर शाळेला सगळ्यात आधी दार बंद करेल. तशा घरातल्या मुलासाठी ते दार उघडं राहणं सर्वांत गरजेचं असतं.

मग करायचं काय?

पहिलं काम गृहभेटीचं. वर्षाच्या सुरुवातीला, तक्रार घेऊन जाण्याआधी, शिक्षकाने प्रत्येक घरी एकदा जावं. त्यासाठी जिल्हा परिषदेने आणि नगरपरिषदेने शिक्षकाला वेळ मोकळा करून द्यावा. सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात त्याचे दिवस जात असतील, तर घरं पाहायला तो जाणार कधी?

दुसरं, पालकांना शिकवण्याआधी सोबत घ्यावं. 2022 मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘पहिले पाऊल’ अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले गेले. घरातल्याच वस्तूंनी मुलाशी काय खेळायचं, काय बोलायचं, हे तिथे सांगितलं गेलं. निरक्षर आईलाही त्यात करण्यासारखं काही होतं. असे गट पहिलीनंतरही चालू राहावेत आणि त्यांत बापांनाही बोलवावं.

तिसरं, व्यवस्थापन समिती खरी व्हावी. सही मागायला रजिस्टर घरी पाठवायचं आणि ठराव आधीच लिहून ठेवायचा, अशी समिती कागदावरच राहते. शाळेला प्रश्न विचारण्याची सवय असलेला पालक शिक्षकाचे प्रश्नही ऐकून घेतो.

चौथं, नोंदीची पद्धत बदलावी. घराबद्दलची माहिती शाळेतच राहावी आणि प्रत्येक नोंदीसमोर दुसरा रकाना सक्तीचा असावा: यावर शाळेने काय केलं? ‘वेचणीमुळे गैरहजर’ यासमोर ‘अंगणवाडीच्या वेळेबद्दल ग्रामपंचायतीला पत्र, सायंकाळचा जादा वर्ग’. ‘आईला वाचता येत नाही’ यासमोर ‘शेजारच्या आठवीतल्या मुलीशी जोडी लावली’.

पालकाचं कर्तव्य यातून कमी होत नाही. मुलाला शाळेत पाठवणं, त्याच्यावर हात न उगारणं, त्याच्यासाठी दिवसातून थोडा वेळ काढणं, हे प्रत्येक आईबापाने करायलाच हवं आणि शिक्षकाने ते समोरासमोर, स्पष्ट सांगायलाच हवं. पण सांगण्याचा अधिकार कामातून मिळतो. शाहू महाराजांनी आधी शाळा उघडल्या, ताराबाई आणि अनुताई आधी अंगणात गेल्या, गाडगेबाबांनी आधी गाव झाडलं. शाळेने तो दुसरा रकाना वर्षभर प्रामाणिकपणे भरावा. तो भरणाऱ्या शिक्षकाला मलकापुरातला पालक आपल्या उणिवा स्वतःहून सांगेल, आणि मग त्याला गुण देण्याची गरजही कुणाला वाटणार नाही.